स्वयंसेवक, सेविका आणि मानधन : कर्जत-खालापूर भागातील बालसाहाय्याच्या इतिहासाचा एक विचार

भोरघाटाच्या पायथ्याशी कर्जत व खालापूर हे दोन तालुके एकमेकांस लागून वसलेले आहेत. पहिल्यातून उल्हास नदी वाहते, दुसऱ्यातून पाताळगंगा. शासकीय इतिहासात ही दोन्ही एकाच घरची. खालापूर हा पूर्वी कर्जत तालुक्याचा पेटा होता. कर्जत तालुका १८९१ साली ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला आणि १९८१ साली कुलाब्याचे नामांतर होऊन रायगड जिल्हा झाला. आगगाडी येथे फार लवकर पोहोचली. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला होता व १८६३ साली घाट चढून तो पुण्याच्या मार्गास मिळाला. मुंबईपासून कर्जत लोहमार्गाने अवघे १०० किलोमीटर. असे असूनही या लोहमार्गापासून दोन-तीन कोस आत गेले की लागणाऱ्या ठाकूरवाड्यांचा व कातकरवाड्यांचा इतिहास मुंबईच्या इतिहासाहून अगदी निराळ्या गतीने चालत आला आहे.

या वाड्यांतील दरिद्री कुटुंबांच्या मुलांस आईबापांखेरीज आणखी कोणी, आणि कोणत्या नात्याने, जेवू घातले, शिकविले, सांभाळले, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय वस्तुतः समाजशास्त्राचा किंवा आरोग्यशास्त्राचा. भाषेच्या अभ्यासकाने त्यात हात घालण्याचे कारण इतकेच की, या कामाचा इतिहास ते काम करणाऱ्यांस वेळोवेळी दिल्या गेलेल्या नावांत फार स्पष्टपणे उमटलेला आहे. स्वयंसेवक, कार्यकर्ता, सेविका, मदतनीस, स्वयंसेविका ही नावे एकमेकांचे पर्याय म्हणून वापरली जात असली तरी ती पर्याय नाहीत. प्रत्येक नावामागे कोणी कोणास काय देणे लागतो याविषयीची एक समजूत आहे, आणि नाव बदलले तेव्हा ती समजूतही बदलली, किंवा ती बदलावी म्हणून नाव बदलण्यात आले.

प्रथम मुलांची स्थिती. कातकरी हे नावच मुळी त्यांच्या धंद्यावरून पडले आहे. खैराच्या गाभ्यातून कात काढणारा तो कातकरी अथवा काथोडी. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगले राखीव होत गेली आणि खैर तोडण्याचा हक्क संपला. तेव्हा या जमातीचा धंदा गेला, नाव तेवढे राहिले. पुढे कोळसा पाडणे, लाकूडतोड, शेतावरील मजुरी आणि अखेरीस वीटभट्टी असा त्यांचा क्रम लागला. ठाकुरांची स्थिती किंचित बरी. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविण्याइतकी का होईना, त्यांच्यापाशी जमीन होती. या दोन्ही जमातींविषयी इंग्रजीत दोन चांगले ग्रंथ आहेत. कातकऱ्यांवर वेलिंग यांचा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला व ठाकुरांवर ल. ना. चापेकर यांचा १९६० साली. मराठीतही ना. गो. चापेकर यांनी नेरळापलीकडील बदलापूर गावाचा समग्र वृत्तांत १९३३ सालीच प्रसिद्ध केला होता. एका गावावर इतक्या तपशिलाने मराठीत लिहिले गेलेले ते पहिल्या काही पुस्तकांपैकी एक, व अद्यापि वाचनीय.

या भागातील दारिद्र्यास एक निश्चित ऋतुचक्र आहे, व ते ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहास उमगणार नाही. भात दिवाळीच्या आगेमागे घरात येते. त्यातून देणे फेडून जे उरते ते होळीपर्यंत पुरते, फार तर चैत्रापर्यंत. आषाढ-श्रावणात शेतावर काम असते, पण कणगीत दाणा नसतो. या महिन्यांत पोटापुरते जे धान्य उसने घ्यावे लागते त्याला खावटी म्हणतात. ही खावटी सावकार सवाई-दिढीने देई, म्हणजे मणास सव्वा मण किंवा दीड मण परत घेई. ज्याच्यापाशी फेडण्यास भात नाही तो अंग मोडून फेडी. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन भट्टीवर जाणे हा त्याच व्यवहाराचा पुढील काळातील अवतार होय. मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, वर्षाचे चार महिने ती अर्धपोटी आणि सहा-सात महिने परगावी. अंगावरचे मूल आईबरोबर रानात किंवा भट्टीवर जाई. त्याहून मोठे मूल आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असे. बालसाहाय्याच्या या इतिहासात पहिल्या स्वयंसेविका म्हणून कोणाचे नाव घ्यावयाचेच असेल तर ते या बहिणींचे घ्यावे लागेल; त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

आता ‘स्वयंसेवक’ या शब्दाकडे वळू. स्वयंपाक, स्वयंवर हे जुने शब्द. स्वयंसेवक हा त्यांच्या धर्तीवर घडविलेला अलीकडचा. समासाचा विग्रह काटेकोरपणे केला तर ‘स्वतःची सेवा करणारा’ असाही अर्थ निघू शकतो, आणि एखाद्या खवचट वैयाकरणाने तो काढलाही असेल. रूढ अर्थ मात्र ‘आपण होऊन सेवा करणारा’ असा आहे. राष्ट्रीय सभेच्या चळवळीने हा शब्द खेड्यापाड्यांत नेला. त्या काळी स्वयंसेवक म्हटला की तो बहुधा पुरुष, तरुण, अल्पस्वल्प शिकलेला आणि घरी कमावते दुसरे कोणी असलेला असा असे. सेवा आपखुशीने करावयाची तर तिच्यावाचून पोट भरण्याची सोय हवी, ही अट शब्दात नाही पण वस्तुस्थितीत होती.

कर्जत भागात या शब्दास मुलांच्या संदर्भात खरा आशय दिला तो विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी. जन्म माथेरानला, १ डिसेंबर १९१२ रोजी, एका नाभिक कुटुंबात. वकिलीचे शिक्षण घेऊन ते माथेरानास परतले व तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. माथेरान हे मुंबईच्या धनिकांचे विश्रांतिस्थान. तेथे ओझी वाहणारे, रिक्षा ओढणारे, दूध व लाकडे पुरविणारे सारे खालच्या वाड्यांतून चढून येत. वाड्यांची स्थिती पाहण्यास कोतवालांना कोठे दूर जावे लागले नाही. ती रोज सकाळी त्यांच्या दारावरून जात होती.

कोतवालांचे नाव आज सर्वांस ठाऊक आहे ते १९४२ च्या लढ्यामुळे. त्यांच्या दस्त्याने मुंबईस वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले व २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. या दोन-तीन महिन्यांच्या पराक्रमाने त्यांच्या आधीच्या कार्यावर मोठी सावली पडली आहे. ते आधीचे कार्य दोन प्रकारचे. एक, वाड्या-गावांतून स्वयंसेवकांच्या हातून चालविलेल्या शाळा. दुसरे, गरजू शेतकऱ्यांस सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून काढलेली धान्यकोठी. चरित्रलेखक या दोहोंचा उल्लेख करतात, परंतु निरनिराळ्या सद्गुणांची यादी द्यावी तसा. शिक्षणप्रेम हा एक गुण, शेतकऱ्यांविषयी कळवळा हा दुसरा. आमच्या मते ही दोन कार्ये नव्हेत, हे एकच कार्य आहे. ज्या घरात आषाढात दाणा नाही त्या घरचे मूल शाळेत येणार नाही. ते गुरे राखील, बहिणीला सांभाळील किंवा खावटीच्या फेडीसाठी सावकाराच्या गोठ्यात राहील. ज्याने शाळा काढली त्याला कोठी काढणे भाग होते. मुलाच्या कल्याणाचा प्रश्न घराच्या कणगीपासून तोडता येत नाही, ही जाण या भागात १९४२ पूर्वी कृतीत उतरली होती. ती पुढे विसरली गेली व नंतर पुन्हा पुन्हा नव्याने शोधावी लागली.

ती विसरली जाण्याचे एक कारण उघड आहे. हे कार्य एका माणसाभोवती उभे होते. तो माणूस गेल्यावर शाळाही राहिल्या नाहीत व कोठीही राहिली नाही. हुताम्याचे स्मारक होते, धान्यकोठीचे होत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कर्जत तालुक्यात कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांतून धान्यकोष उभारले. खावटीच्या काळात धान्य घ्यावे व पीक आल्यावर अल्प वाढीने परत करावे, म्हणजे कोषही वाढतो व सावकारही टळतो, हे त्याचे सूत्र. कोतवालांच्या कोठीशी या कोषांचा काही प्रत्यक्ष संबंध जोडण्याचे कारण नाही. त्याच डोंगराखाली त्याच दुखण्यावर तेच औषध दुसऱ्यांदा सुचले, एवढीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात मुलांविषयीच्या कार्याची सूत्रे कर्जतहून उत्तरेकडे, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात गेली. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरास बालशिक्षणाचे कार्य केले होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार झाला. परंतु ही सारी शाळा सुखवस्तूंच्या मुलांची आहे, ही टोचणी त्यांस होती. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेथेच अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ च्या सुमारास हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले.

या दोघींच्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आम्हांस त्यांनी घडविलेल्या शब्दांविषयी लिहावयाचे आहे. बालवाडी, अंगणवाडी, कुरणशाळा, विकासवाडी हे शब्द पाहावेत. या प्रत्येक शब्दात मूल कोठे आहे हे सांगितलेले आहे. बोर्डीत हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी वस्तीतील अंगणात नेली, ती अंगणवाडी. कोसबाडास वारल्यांची मुले गुरांमागे रानात, तेव्हा शिक्षिका कुरणात गेली; ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, जेणेकरून धाकट्या भावंडाला सांभाळणारी बहीण त्याला शेजारच्या दालनात ठेवून स्वतः शिकू शकेल, ती विकासवाडी. परभाषेतील एखाद्या संज्ञेचा प्रतिशब्द म्हणून यांपैकी एकही शब्द जन्मला नाही. मूल येत नाही ही अडचण आधी आली, तोड नंतर निघाली, आणि नाव सर्वांत शेवटी पडले. परिभाषा समित्यांच्या बैठकांत ज्यांनी काही वर्षे घालविली आहेत त्यांस या क्रमाचे मोल अधिक कळेल.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि तिच्या गावपातळीवरील केंद्रास अंगणवाडी हे नाव मिळाले. एका मराठी शब्दाने सर्व भारतभर संचार केला, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु शब्द गेला तेव्हा त्यातील अंगण मागे राहिले. अंगणवाडी ही आता एक खोली झाली, व मुलाने त्या खोलीत यावे अशी अपेक्षा निर्माण झाली. जी वाडी गावठाणापासून ओढ्यापलीकडे आहे तेथील तीन वर्षांचे मूल पावसाळ्यात त्या खोलीपर्यंत कसे येणार, हा प्रश्न बोर्डीत १९४५ नंतर सोडविला गेला होता. कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांत तो पुन्हा नव्याने उभा राहिला.

खोलीत पोहोचल्यावरही दुसरी एक अडचण उरते, ती आमच्या विषयातील. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, ठाकरी बोली कोकणातील मराठीच्या सर्वसाधारण बोलींत गणली आहे. कातकरी मात्र वारलीप्रमाणेच वेगळी, मिश्र स्वरूपाची म्हणून निराळी मांडली आहे. हे वर्गीकरण आज सर्वस्वी मान्य होण्यासारखे नसले तरी त्याचा व्यावहारिक आशय खरा आहे. ठाकराचे मूल अंगणवाडीतील मराठी अल्पायासाने उचलते, कातकऱ्याच्या मुलास ती प्रथम परकी वाटते. ते गप्प बसते, आणि गप्प बसणाऱ्या मुलास मंद समजण्याची खोड मोठ्या शाळांतूनही गेलेली नाही. जेथे सेविका किंवा मदतनीस त्याच वाडीची असते तेथे हे घडत नाही.

भाषेची ही दरी आरोग्याच्या शब्दांत आणखी रुंद होते. ‘कुपोषण’ हा शब्द शासकीय कागदांतून व वृत्तपत्रांतून आला. वाडीतील आई असे कधी म्हणत नाही. ती म्हणते, पोर वाळलं, रोडावलं, अंग धरत नाही. किंवा त्याला दृष्ट लागली. यांतील प्रत्येक शब्दप्रयोगात निराळे कारण आणि म्हणून निराळा उपाय गृहीत आहे. ‘वाळलं’ म्हणणारी आई अन्नाविषयी ऐकून घेईल. ‘दृष्ट लागली’ म्हणणारीस प्रथम दृष्ट काढू द्यावी लागेल व मग वजनकाट्याकडे न्यावे लागेल. आधी श्रेणी तीन आणि चार, पुढे सॅम आणि मॅम, अशी दप्तराची भाषा बदलत गेली. दप्तराची भाषा आणि आईची भाषा यांमध्ये उभी राहून दोन्हीकडे अर्थ पोहोचविणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे गावातील सेविका. हे भाषांतराचे काम तिच्या कामांच्या यादीत कोठेही लिहिलेले नाही.

याच जिल्ह्याच्या किनाऱ्याकडील भागात या सुमारास एक प्रयोग चालू होता. प्रख्यात शल्यचिकित्सक डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७० नंतरच्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात सुमारे ३० गावांत गावातीलच अल्पशिक्षित स्त्रियांस आरोग्याचे प्राथमिक शिक्षण देऊन मुलांचे व बाळंतिणींचे आरोग्य त्यांच्यावर सोपविले. या स्त्रिया ते काम उत्तम करू शकतात हे सिद्ध झाले. सुमारे दहा वर्षांनी प्रयोग थांबला, व तो अपयशामुळे थांबला नाही. गावातील सामान्य बाई जाणती झाली की गावातील काही जुन्या सत्तास्थानांस ते रुचत नाही, हा अनुभव मांडव्याचाच आहे असे नाही.

राष्ट्रीय पातळीवर १९७७ साली गावोगाव असा एकेक माणूस नेमण्याची योजना निघाली, आणि तिच्या नावाचा इतिहास आमच्या विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. प्रथम या माणसास समाज-आरोग्य कार्यकर्ता म्हटले गेले. ‘कार्यकर्ता’ म्हणजे काम करणारा. काम करणाऱ्यास वेतन असते. तेव्हा वेतनाची मागणी येणे क्रमप्राप्तच होते. १९८० साली ‘कार्यकर्ता’ जाऊन ‘स्वयंसेवक’ आला, आणि पुढच्याच वर्षी त्याचा ग्राम-आरोग्य मार्गदर्शक झाला. माणूस तोच, पिशवी तीच, दरमहा मिळणारी अल्प रक्कमही तीच. कोतवालांच्या काळात स्वतःहून काम अंगावर घेणाऱ्याने स्वयंसेवक हे नाव आपण होऊन धारण केले होते. येथे ते दुसऱ्याने, पगार द्यावा लागू नये म्हणून, बहाल केले. शब्द तोच राहून त्यातील ‘स्वयं’ नाहीसा झाला.

महाराष्ट्रात याच मार्गाने पुढील नावे आली. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले. मेळघाटातील मृत्यूही त्याच सुमारास उजेडात आले. १९९५ साली आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना निघाली. तिच्या अंतर्गत पावसाळ्याच्या कठीण काळापुरता एकेका वस्तीवर पाडा स्वयंसेवक नेमण्याची पद्धत पडली. (येथे एक भाषिक गंमत नमूद करण्यासारखी आहे. पाडा हा ठाणे-पालघरकडील शब्द. कर्जत-खालापुरात आदिवासी वस्तीस वाडी म्हणतात. तेव्हा या बाजूस पाडा स्वयंसेवक आला तो आपल्या नावातच परगावचा पत्ता घेऊन.) २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या व मराठीत त्यांचे अधिकृत नाव ‘आशा स्वयंसेविका’ असे ठरले. एव्हाना पुरुषवाचक स्वयंसेवक मागे पडला होता. ज्या कामाला पगार नाही ते काम बाईचे, हा जुना नियम शब्दाच्या लिंगबदलात निमूटपणे नोंदला गेला.

या साऱ्या स्त्रियांस जे मिळते त्याला मानधन म्हणतात. या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य वाटते. संस्कृतात मानधन हा बहुव्रीहि समास आहे: मान हेच ज्याचे धन आहे असा, म्हणजे मानी पुरुष. भारवीच्या किरातार्जुनीयात हा शब्द योद्ध्यांचे विशेषण म्हणून आला आहे. मराठीत त्याचा तत्पुरुष झाला, मानासाठी दिलेले धन. व्याख्यात्यास, परीक्षकास, कीर्तनकारास त्याच्या विद्येचे मोल करता येत नाही म्हणून मान राखण्यापुरते जे द्यावयाचे ते मानधन; त्याचा चरितार्थ दुसरीकडे चाललेला असतो हे त्यात गृहीत आहे. दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नाचा आधार नसलेल्या बाईस, रोज ठरावीक वेळी, ठरावीक नोंदवह्या भरून, ठरावीक मुलांस आहार देण्याबद्दल जे मिळते त्यास हा शब्द लावला की शब्द पुन्हा आपल्या मूळ संस्कृत अर्थाकडे जातो: मानच जिचे धन, ती मानधना.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात अंगणवाडी सेविकेचे पद हे शासकीय नागरी सेवेतील पद नव्हे असा निर्णय दिला होता. २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात, त्यांस १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे, असे ठरविले. उपदान द्यावयाचे तर त्या रकमेस मजुरी मानणे आले. मानधन व वेतन या दोन शब्दांमधील अंतर किती रुपयांचे आहे, हे या दोन निर्णयांमधील सोळा वर्षांत मोजले गेले आहे. महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या तो संप पन्नास दिवसांच्या वर चालला. त्या दिवसांत अंगणवाड्या बंद राहिल्या, आणि मुलांच्या आहाराचे काय हा प्रश्न सेविकांनाच विचारला गेला. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी हेही पाहावयास हवे होते की संपावर गेलेल्या अनेक बायका स्वतः अशाच घरांतील होत्या, व त्यांच्या घरीही मुले होती. दरिद्री कुटुंबातील मुलांस साहाय्य करणारी व्यक्ती स्वतः दरिद्री कुटुंबातील असते, ही या सर्व व्यवस्थेची खरी रचना आहे. ती कागदावर आढळत नाही.

स्थलांतराच्या प्रश्नापाशी मात्र ही व्यवस्थाही थांबते. दिवाळीनंतर कातकरवाडी ओस पडते. नोंदवहीत मुलाच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असे लिहिले जाते, आणि त्या एका शब्दाने ते मूल मूळ गावच्या सेविकेच्या जबाबदारीतून बाहेर पडते. भट्टी ज्या गावात आहे तेथील वहीत त्याचे नाव आपोआप चढत नाही. दोन वह्यांमधील या फटीत मूल सहा-सात महिने राहते. शेवटचे वजन ज्याचे ठीक होते ते पावसाच्या तोंडावर परतते तेव्हा ओळखू येत नाही. वसई भागात विधायक संसद या संस्थेने १९९० नंतरच्या दशकात भट्टीवरच शाळा भरविण्याचा उपक्रम केला व तिला भोंगाशाळा हे नाव दिले. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराचे तात्पुरते खोपट. अंगणवाडी, कुरणशाळा या नावांच्या परंपरेत शोभणारे हे नाव आहे, कारण त्यातही मूल कोठे आहे हे सांगितलेले आहे. उसाच्या फडाकडील साखरशाळाही त्याच कुळातील. या धर्तीची सोय कर्जत-खालापूरच्या मुलांस ती जातील तेथे सर्वत्र मिळाली असती तर ‘स्थलांतरित’ हा शब्द इतका सोयीचा ठरला नसता.

खालापूर तालुक्यात, चौकजवळच्या इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी नावाची ठाकुरांची वस्ती होती. तेथे मोटारीचा रस्ता नव्हता. डोंगर चढूनच जावे लागे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून ती वाडी गाडली गेली. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते व ५७ माणसे बेपत्ता होती. पहिली मदत पायी चढून गेली. तीत पथकांबरोबर आसपासचे गिर्यारोहक व गावकरी होते, आणि त्यांना त्या रात्री कोणी नेमलेले नव्हते. वाडीतील काही मुले शिक्षणासाठी आश्रमशाळेत राहात असल्यामुळे वाचली. ज्या निवासी शाळेमुळे मूल घरापासून तुटते अशी तक्रार आपण करीत आलो, त्या शाळेने या मुलांचा जीव राखला. आईबाप गेलेल्या मुलांच्या पालकत्वाविषयी घोषणा झाल्या, वाचलेल्या कुटुंबांसाठी चौक येथे नवी घरे बांधण्यात आली. पुनर्वसनाच्या कागदांत ही मुले ‘लाभार्थी’ आहेत. ठाकरी समाजात पोरक्या मुलास चुलत्याच्या किंवा मामाच्या घरी वाढविण्याची रीत जुनी आहे, व सुटीत ही मुले ज्या घरी जातात ते घर बहुधा अशाच एखाद्या नातलगाचे असते. त्या घरातील बाईला या कामाबद्दल काय म्हणावयाचे, याला आमच्या शासकीय मराठीत अद्याप शब्द नाही. वाडीत तिला काकी किंवा मामी म्हणतात.